तुरुंगातील वह्या

आमचे घर मार्केट यार्डाच्या बाजूला आहे. तिकडून महाविद्यालयात येताना मला रोज बिंदू चौक ओलांडावा लागतो. चौकाच्या कडेला जुन्या कोटाची काळी तटबंदी अजून उभी आहे आणि तिच्या आत उपकारागृह आहे, हे कोल्हापूरच्या वाचकांस सांगावयास नको. बाहेर भाजीवाले, रिक्षा, गर्दी. आत काय चालते ते दिसत नाही. गेल्या वर्षी इतिहासाच्या तासाला सरांनी लोकमान्य टिळकांच्या मंडालेच्या तुरुंगवासाची माहिती सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी त्या भिंतीजवळून जाताना माझ्या मनात एक साधा प्रश्न आला. तुरुंगात माणसाजवळ स्वतःचे काहीच नसते, कपडेसुद्धा सरकारचे. मग तेथे ज्यांनी ग्रंथ लिहिले त्यांना कागद कोणी दिला? किती दिला? आणि ज्यांना कागद मिळाला नाही त्यांनी काय केले?

या प्रश्नाच्या मागे लागून ग्रंथालयात जे वाचावयास मिळाले ते माझ्या अल्प बुद्धीप्रमाणे येथे मांडीत आहे.

कोल्हापूर प्रकरण

आरंभ आपल्याच गावापासून करता येतो. १८८२ साली ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी, कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांचा दिवाण माधवराव बर्वे यांच्याकडून छळ होत आहे, असा मजकूर छापला. ज्या पत्रांच्या आधाराने तो छापला ती पत्रे पुढे बनावट ठरली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि टिळक व आगरकर या दोघांना चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले व ऑक्टोबर १८८२ मध्ये ते सुटले. दोघेही तेव्हा जेमतेम सव्वीस वर्षांचे होते.

गोपाळ गणेश आगरकर हे कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचे. घरची अत्यंत गरिबी सोसून ते एम. ए. झाले होते. त्यांनी या तुरुंगवासावर ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ हे पुस्तक लिहिले. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ हे त्यांचे मराठी रूपांतरही याच तुरुंगवासाशी जोडलेले आहे. ते १८८३ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे कोल्हापुरावरून झालेल्या एका खटल्याने मराठीला तुरुंगातील अनुभवाचे एक अगदी आरंभीचे पुस्तक दिले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

मोजलेली पाने

त्यानंतर सव्वीस वर्षांनी, २२ जुलै १९०८ रोजी, ‘केसरी’तील लेखांबद्दल टिळकांना सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी त्यांना बावन्न वर्षे पूर्ण व्हावयाची होती. प्रथम साबरमतीस आणि तेथून ब्रह्मदेशात मंडाले येथे त्यांना नेण्यात आले. तेथील लाकडी गजांच्या खोलीत त्यांचा सहा वर्षांचा बहुतेक काळ गेला. पत्नी सत्यभामाबाई १९१२ साली पुण्यात वारल्या तेव्हाही ते तेथेच होते.

१९१०–११ च्या हिवाळ्यात, सुमारे पाच महिन्यांत, त्यांनी ‘गीतारहस्या’चा खर्डा लिहून काढला. तत्त्वज्ञानाच्या अंगाने या ग्रंथाची चर्चा आपल्या मासिकांतून पुष्कळ झालेली आहे. मला येथे केवळ वहीविषयी बोलावयाचे आहे. टिळकांना ग्रंथ मागविण्याची परवानगी होती आणि हळूहळू शेकडो पुस्तके त्यांच्याजवळ जमली. परंतु लिहिण्यासाठी सुटे कागद मिळत नसत. बांधलेली वही मिळे आणि तिची पाने आधी मोजून त्यांवर आकडे घातलेले असत, म्हणजे एखादे पान फाडून बाहेर धाडले तर लगेच उघडकीस यावे. शाईलाही मनाई होती. शिसपेन्सिलीने लिहावे लागे. एवढा मोठा ग्रंथ पेन्सिलीने, मोजलेल्या पानांवर लिहिला गेला, ही गोष्ट मला तरी ठाऊक नव्हती.

जून १९१४ मध्ये टिळक सुटले, परंतु वह्या सरकारने ठेवून घेतल्या. त्या परत मिळतील की नाही याची पुण्यात चिंता होती. त्यावर टिळक म्हणाले की, वह्या त्यांच्याजवळ असल्या तरी ग्रंथ माझ्या डोक्यात आहे, तो पुन्हा लिहून काढीन, अशी आख्यायिका सांगतात. पुढे वह्या परत मिळाल्या आणि जून १९१५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला.

या आख्यायिकेत माझ्या मते महत्त्वाचा मुद्दा दडलेला आहे. वही सरकारची होती, पानावरचा आकडा सरकारचा होता, पेन्सिलसुद्धा सरकारच्या हुकुमाने मिळाली होती. मजकूर मात्र माणूस बाहेरून घेऊन आला होता, आणि तो त्याच्या मनात वर्षानुवर्षे मुरलेला होता. तुरुंगाने त्याला फक्त एकांत आणि टंचाई दिली.

भिंत, दुसऱ्याचा हात आणि पाच दिवस

ज्यांना वही मिळाली नाही त्यांचे उदाहरण अंदमानात आहे. विनायक दामोदर सावरकर १९११ पासून १९२१ पर्यंत सेल्युलर जेलमध्ये होते. तेथे कागद-पेन्सिल नव्हती. त्यांनी कविता भिंतीवर कोरल्या आणि त्या पाठ केल्या. भिंतीला चुना लागला की लिहिलेले जाई, म्हणून पाठांतर हीच खरी वही. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या पिढ्यान्‌पिढ्या याच वहीत राहिल्या, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

धुळे येथील तुरुंगाची हकीकत वेगळी आहे. २१ फेब्रुवारी १९३२ पासून १९ जूनपर्यंत दर रविवारी एक, अशी गीतेच्या अठरा अध्यायांवर विनोबांनी अठरा प्रवचने केली. विनोबा बोलत होते आणि साने गुरुजी ती उतरवून घेत होते. गुरुजी त्या वेळी त्याच तुरुंगात नसते, तर ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आपल्या हाती आले असते का, याची शंकाच आहे. बोलणारा एक आणि लिहिणारा दुसरा, अशी ही वही आहे.

पुढल्याच वर्षी, ९ फेब्रुवारी १९३३ रोजी, नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहावयास घेतली आणि १३ तारखेच्या पहाटेपर्यंत, म्हणजे पुरत्या पाच दिवसांतही नव्हे, तिचा बहुतेक भाग लिहून झाला. कोकणातील पालगड गाव, तेथील विहीर, आईचे बोलणे, आईचे कष्ट हे सारे त्या नाशिकच्या भिंतींत त्यांच्यापुढे उभे राहिले असले पाहिजे. येथेही मजकूर बाहेरून आलेला आहे. नाशिकच्या तुरुंगाचे त्या पुस्तकात फारसे काही नाही; आहे ते हरवलेले घर.

अक्षर न येणारा कैदी

येथपर्यंत लिहून झाल्यावर मला एक अडचण जाणवली. आगरकर, टिळक, सावरकर, विनोबा, साने गुरुजी ही सर्व शिकलेली माणसे होती. मंडालेस टिळकांचा स्वयंपाक करावयास एक मराठी कैदीच दिलेला होता. डोंगरी, धुळे, नाशिक या प्रत्येक तुरुंगात शेकडो सामान्य कैदी असत आणि त्यांतील बहुतेकांना लिहिता येत नसे. त्यांच्याही मनात गाव होते, आई होती. त्यांची वही कोठे आहे? पुष्कळ शोधूनही आपल्याकडचे असे उदाहरण मला मिळाले नाही. ते मिळाले दूर अमेरिकेत.

अमेरिकेच्या मध्यभागातील विस्तीर्ण गवताळ प्रदेशात शायेन, किओवा, कोमँची, अरापाहो अशा जमाती राहत. बायसन नावाच्या रानटी जनावरावर त्यांचे जीवन अवलंबून असे. हा प्राणी म्हणजे आपल्या दाजीपूरच्या गव्याचा दूरचा भाऊबंद. त्याचे मांस ते खात आणि कातड्याचे तंबू करीत. याच कातड्यावर ते चित्रेही काढीत. कोणी कोणती लढाई मारली, कोणी किती घोडे आणले, याची ती नोंद असे. त्यांच्या भाषेला लिपी नव्हती. चित्रातील माणूस कोण हे कळावे म्हणून त्याच्या डोक्यावर त्याच्या नावाचे लहानसे चित्र काढून ते रेघेने त्याला जोडीत. गोरे व्यापारी आणि सैनिक आले तेव्हा त्यांच्याकडच्या हिशेबाच्या वह्या व्यापारात किंवा लुटीत या लोकांच्या हाती पडू लागल्या. बायसनची अतोनात कत्तल झाल्यामुळे कातडी दुर्मीळ झाली होती. मग आखलेल्या, कधी जमाखर्च मांडलेल्या पानांवरच ते चित्रे काढू लागले. म्हणून या चित्रांना खतावणीची चित्रे हे नाव पडले.

१८७४–७५ च्या युद्धात या जमातींचा पाडाव झाला. त्यांतील ७२ जणांना खटला न चालवता फ्लोरिडा प्रांतातील सेंट ऑगस्टीन गावच्या फोर्ट मॅरियन या जुन्या स्पॅनिश किल्ल्यात नेऊन कोंडले. कैदी कसे निवडले याची एक हकीकत वाचून मन सुन्न होते. शायेन लोकांना रांगेत उभे करून गुन्हेगार ओळखण्याचे काम चालले होते. अंधार पडू लागला, तेव्हा अधिकाऱ्याने रांगेच्या उजव्या टोकाची अठरा माणसे सरळ तोडून घेतली. पुढे खरे गुन्हेगार सापडले की बदलून देऊ, असे ठरले होते. ती बदली कधी झाली नाही. वाटेत ग्रे बिअर्ड नावाच्या शायेन पुढाऱ्याने आगगाडीतून उडी टाकली व तो गोळी लागून मेला. २१ मे १८७५ रोजी उरलेले कैदी किल्ल्यात पोहोचले.

तेथील अधिकारी रिचर्ड हेन्री प्रॅट याने त्यांच्या बेड्या काढल्या, त्यांना इंग्रजी शिकविण्याची सोय केली आणि चित्रकलेच्या वह्या, पेन्सिली व रंग दिले. विसांहून अधिक कैद्यांनी चित्रे काढली. गावात येणारे प्रवासी ती वही दोन डॉलरला विकत घेत. हाउलिंग वुल्फ, मेकिंग मेडिसिन, बेअर्स हार्ट, कोहो ही शायेनांतील, तर झोटॉम आणि वोहॉ ही किओवांतील चित्रकारांची नावे आज कलेच्या इतिहासात नोंदलेली आहेत. त्यांच्या चित्रांत लढाया कमी झाल्या. त्यांऐवजी तंबूंची वस्ती, शिकार, नाच, लग्नाची मागणी हे विषय आले; आणि ज्या आगगाडीने त्यांना आणले ती आगगाडी, तो किल्ला, तो वर्गही आला. बाकांवर ओळीने बसलेले कैदी आणि पुढे उभी असलेली शिक्षिका, असे चित्र त्यांत आहे.

मॅरियनमधून १८७८ साली कैदी सुटले. त्यांच्या चित्रवह्या आज अमेरिकेतील संग्रहालयांत काळजीपूर्वक जपलेल्या आहेत.

दोन्हीकडे पाय

या चित्रांपैकी वोहॉने १८७७ साली काढलेले एक चित्र मी पुन्हा पुन्हा पाहिले. मध्ये तो स्वतः उभा आहे. एका बाजूला बायसन आहे आणि त्याच्यामागे रान व तंबू आहे. दुसऱ्या बाजूला पाळीव जनावर आहे; तिकडे नांगरलेले शेत आणि घर आहे. दोन्ही हातांत चिलमी धरून त्याने त्या दोन्ही जनावरांपुढे केल्या आहेत. एक पाय शेताकडे पडलेला आहे. डोक्यावर त्याचे नाव मात्र इंग्रजी अक्षरांत लिहिलेले आहे. पूर्वी तेथे नावाचे चित्र असते.

प्रॅट हा क्रूर मनुष्य नव्हता, हे मान्य केले पाहिजे. पण त्याने पुढे १८७९ साली पेन्सिल्व्हेनिया प्रांतात कार्लाइल येथे या जमातींच्या मुलांसाठी शाळा काढली, आणि तेथे मुलांचे केस कापले गेले, कपडे बदलले, नावे बदलली, मातृभाषा बोलण्यास बंदी झाली. कागद देणारा हात आणि भाषा काढून घेणारा हात एकाच माणसाचा होता. शिक्षण हे चांगलेच, असे समजून मी आजवर वाढले. आमच्या घरात महाविद्यालयात येणारी मी पहिली. त्यामुळे ही माहिती वाचून मी काहीशी अस्वस्थ झाले. त्याचे कारण सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

आबांची वही

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, गुळाच्या बाजारात हमाल होते. त्यांना अक्षर येत नव्हते. त्यांच्याजवळ लाल कापडी बांधणीची एक जुनी वही होती. कोणा अडत दुकानातील उरलेली ती वही दिवाणजींनी त्यांना दिली होती. तिच्यात ते आपला हिशेब ठेवीत. एकेका पानावर डोक्याशी एक चित्र असे. कोठे छत्री, कोठे शिडी, कोठे शिंगे असलेले डोके, कोठे घागर. प्रत्येक चित्र म्हणजे एक व्यापारी. त्याखाली उभ्या रेघा असत. गुळाचे रवे वाहिले की रेघा वाढत आणि दर पाचवी रेघ आडवी मारलेली असे. आठवड्याच्या मजुरीत एकदा खोट आली, तेव्हा आबांनी ही वही उघडून दाखवली. दिवाणजी आधी हसले. मग दोघांनी मिळून मोजले आणि आबांचे पैसे निघाले. ही गोष्ट ते फार आनंदाने सांगत.

मी चौथीत असताना माझी वही संपली होती. फळीवरची ती लाल वही मी काढली आणि आबांच्या पेन्सिलीच्या रेघांवरच पेनाने इंग्रजी मुळाक्षरे गिरवली. एक-दोन नव्हे, चांगली वीस-बावीस पाने. मला त्या रेघोट्या वाटल्या. आईने पाहिले आणि ती रागावली. आबा म्हणाले, “लिहू दे गं तिला. पोरी, लिही. तुजं अक्षर माज्यापरास ब्येस हाय.”

आबांना जाऊन तीन वर्षे झाली. मॅरियनच्या कैद्यांनी व्यापाऱ्याच्या हिशेबावर आपली चित्रे काढली. मी चित्रांत मांडलेल्या हिशेबावर शाळेची अक्षरे काढली. वोहॉचे चित्र पाहिल्यानंतर मी ती वही ट्रंकेतून काढून पाहिली तेव्हा हे माझ्या ध्यानात आले. आता ती चित्रे कोणाकोणाची, हे विचारावयास आबा नाहीत.

येथे तुलना फार ताणणे बरोबर होणार नाही. आबा कैदी नव्हते. माझ्या शिक्षकांनी माझी भाषा काढून घेतली नाही. उलट तिच्यात लिहावयास शिकवले. परंतु एक गोष्ट सर्व ठिकाणी सारखी दिसते. मंडालेची वही सरकारने दिलेली, मॅरियनची प्रॅटने दिलेली, आबांची अडत दुकानातून आलेली. गरजू माणसाला कागद बहुधा दुसऱ्याकडूनच मिळतो. त्यावर जे उमटते ते मात्र त्याचे स्वतःचे असते, मग ते संस्कृत वचनांनी भरलेले असो की छत्रीच्या चित्राने. टिळकांची वही परत मिळावी म्हणून सारा महाराष्ट्र वाट पाहत होता. अक्षर न येणाऱ्या माणसाची वही हरवली तर ती हरवली हेसुद्धा कोणास कळत नाही. आणि ती मिटविणारा बाहेरचाच असतो असे नाही, घरातले शिकलेले मूलही असू शकते.

आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखे, घरातून प्रथमच कॉलेजात आलेले पुष्कळ विद्यार्थी आहेत. त्यांना माझी नम्र विनंती आहे की, घरी जुनी वही, भिंतीवरच्या खुणा, गोधडीवरची नक्षी, तोंडी हिशेब असे काही असेल तर ते घरातील वडीलधाऱ्या माणसांना आजच विचारून घ्यावे आणि शेजारी कोऱ्या कागदावर लिहून ठेवावे. त्या खुणांवर मात्र लिहू नये.

मी आजीजवळ बसून हे काम सुरू केले आहे. वहीत एकंदर अकरा चित्रे आहेत. छत्री म्हणजे उन्हापावसात छत्री घेऊनच येणारे एक व्यापारी आणि शिडी म्हणजे माडीवर गादी असलेले दुसरे, एवढे तिला आठवले. शिंगे आणि घागरही तिने ओळखली. बाकीची सात राहिली आहेत. आबांच्या बरोबरीचे दोन हमाल अजून हयात आहेत, असे ती म्हणते. सुट्टी लागली की वही घेऊन त्यांच्याकडे जावयाचे मी ठरविले आहे.